दोन टक्क्यांचे पुण्य

दान करावे ते असे, की या हाताचे त्या हाताला कळू नये, असे आपल्याकडची जुनी माणसे सांगत आली. ही शिकवण आचरणात किती उतरली हा प्रश्न निराळा. गावोगावच्या देवळांच्या पायऱ्यांवर कोरलेली नावे पाहिली, म्हणजे दात्याच्या दोन्ही हातांनाच नव्हे, तर येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांनाही ते चांगले कळावे अशी योजना दिसते. पण निदान बोलायची रीत तरी तशी होती. २०१३ च्या कंपनी कायद्याने ती रीतच मोडली. त्या कायद्याचे १३५ वे कलम १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले आणि मोठ्या कंपन्यांना बजावण्यात आले, की समाजासाठी खर्च करा, ठरलेल्या मापाने करा, आणि तो हिशेबतपासनीसाला, संचालकांना, भागधारकांना आणि सरकारलाही कळवा. गुप्तदानाच्या नेमके उलट असे हे प्रकरण आहे. वर्तमानपत्रांत त्याला ‘सीएसआर’ म्हणतात. आमच्या विषयाची माणसे ‘सामाजिक उत्तरदायित्व’ असा जड शब्द वापरतात. शब्द जड असला तरी मला तो आवडतो, कारण त्यात ‘उत्तर’ आहे. उत्तर द्यायचे म्हणजे कुणीतरी प्रश्न विचारायला हवा, आणि तो नेमका विचारायला हवा.

दिवाळी अंकात हा रुक्ष विषय कशाला, असे काही वाचक म्हणतील. वहीपूजनाच्या दिवसांत वहीविषयी दोन शब्द बोलले तर बिघडत नाही. शिवाय मी ज्या पैशांविषयी बोलणार आहे, त्यांत तुमचेही थोडे आहेत. दर महिन्याच्या पाच तारखेला बँकेतून परस्पर कापला जाणारा तुमचा म्युच्युअल फंडाचा हप्ता आठवा. त्या हप्त्याच्या जोरावर तुम्ही पन्नासएक कंपन्यांचे इवलेसे मालक आहात. त्या कंपन्यांच्या नफ्यातून हे दोन टक्के निघतात, आणि उरलेल्यावर तुमचा हक्क लागतो. तेव्हा दाते तुम्हीही आहात. फक्त तुम्हाला कुणी विचारलेले नाही.

मला या वाटेला लावले ते आमच्या वरच्या मजल्यावरच्या नानांनी. नाना बँकेतून निवृत्त झाले त्याला अठरा वर्षे झाली. त्यांच्याकडे थोडे थोडे शेअर आहेत आणि वेळ पुष्कळ आहे. हल्ली कंपन्यांचे वार्षिक अहवाल ईमेलने येतात. नाना मात्र पत्र लिहून छापील प्रत मागवतात. एका रविवारी ते अहवालांचा गठ्ठाच घेऊन खाली आले आणि म्हणाले, “बाई, तुम्ही मराठीच्या. हे गद्य जरा वाचून पाहा बरं.”

मी म्हणाले, “नाना, हे इंग्रजीत आहे.”

“असू दे हो. गद्य ते गद्यच.”

मी वाचले, आणि मला मौज वाटली. प्रत्येक अहवालाचे दोन भाग असतात. पुढची पाने गुळगुळीत कागदावर. त्यांत हसणारी मुले, हिरवी शेते, डोक्यावर हंडा नसलेल्या बायका. मागची पाने बारीक टाइपात, त्यांत रकाने. पुढच्या पानांत भावकवी बसलेला असतो आणि मागच्या पानांत कारकून. वीस वर्षे कविता शिकवून मी असे म्हणू नये, पण मला मागचा कारकून अधिक खरा वाटला.

तो कारकून काय सांगतो ते थोडक्यात पाहू. ज्या कंपनीची मत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक असेल, तिला हे कलम लागू होते. शेअर बाजारात तिची नोंद असो वा नसो. मागच्या तीन वर्षांच्या नफ्याची सरासरी काढायची आणि तिच्या किमान दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची. समजा, तीन वर्षांचा नफा ८०, १०० आणि १२० कोटी. सरासरी १०० कोटी, म्हणून दोन कोटी द्यायचे. इतके सोपे असते तर नानांना माझ्याकडे यावे लागले नसते. नफा म्हणजे कर भरण्यापूर्वीचा, आणि तोही कायद्याने सांगितलेल्या पद्धतीने काढलेला. परदेशी शाखांचा नफा त्यातून वगळायचा. हे कलम पाळणाऱ्या दुसऱ्या भारतीय कंपनीकडून लाभांश मिळाला असेल तर तोही वगळायचा, कारण त्या पैशाने आपले पुण्य आधीच फेडलेले असते. एका वर्षी जास्त खर्च झाला तर तो पुढच्या तीन वर्षांत वळता करून घेता येतो. पुण्याची शिल्लक पुढच्या पानावर ओढायची ही सोय चित्रगुप्तालाही सुचली नसेल.

रक्कम ठरली, की ती कशावर खर्च केलेली धरायची हा प्रश्न येतो. कायद्याच्या सातव्या परिशिष्टात यादी आहे : भूक आणि दारिद्र्य, आरोग्य, पिण्याचे पाणी, शिक्षण, पर्यावरण, कला आणि वारसा, ग्रामविकास वगैरे. काय धरायचे नाही तेही सांगितले आहे. राजकीय पक्षाला दिलेले धरायचे नाही. आपल्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेले धरायचे नाही. दुसऱ्या एखाद्या कायद्याने करणे भागच आहे ते धरायचे नाही. आणि आपल्याच नोकरांच्या फायद्याचे धरायचे नाही.

या शेवटच्या वाक्याशी मी जरा थांबले. नागपूरची एम्प्रेस मिल जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केली, आणि १८८६ मध्ये तिथल्या कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा निधी उभारला. तसे करा म्हणून त्यांना कोणत्याही कायद्याने सांगितलेले नव्हते. आपल्या किर्लोस्करवाडीचेही तसेच. १९१० साली औंध संस्थानाने दिलेल्या माळावर लक्ष्मणरावांनी कारखान्याबरोबर माणसांची वस्तीही वसवली. आजच्या रकान्यांत ही कामे बसवायला गेले, तर दोन्हीकडे शून्य लिहावे लागेल. कायद्याचे चुकते असे मी म्हणत नाही. आपल्या कामगाराला नीट वागवणे हे मालकाचे कर्तव्य आहे, दान नव्हे. ते दानाच्या खात्यावर लिहू दिले तर उद्या पगारही तिकडे जाईल. पण माप हातात घेतले की मापाबाहेरचे दिसेनासे होते, एवढे मात्र लक्षात ठेवावे. एखाद्या कंपनीने दोन टक्के चोख दिले आणि कंत्राटी कामगाराला मात्र घाम पुसायलाही सवड दिली नाही, तर या पानावर तिची नोंद चोखच होते.

दुसरे असे, की माप ठरले म्हणजे माणसे मापाला येऊन भिडतात. आमच्या कॉलेजात परीक्षेला बसायला पंचाहत्तर टक्के हजेरी लागते. हा नियम नसता तर काही मुले चाळीस टक्केच आली असती, आणि काही शंभर टक्के. नियम आहे म्हणून चाळीसवाली मुले पंचाहत्तरवर येतात ही चांगली गोष्ट झाली. परंतु शंभरवाल्यांपैकीही काहीजण हिशेब करून पंचविसांची सवलत पदरात पाडून घेतात. धम्मिका धर्मपाल आणि विक्रमादित्य खन्ना या दोन प्राध्यापकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कंपन्यांच्या बाबतीत असेच काहीसे आढळले. पूर्वी दोन टक्क्यांहून कमी देणाऱ्या कंपन्यांनी कायद्यानंतर हात सैल केला. पण आधीपासून दोन टक्क्यांहून अधिक खर्च करणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी आपला खर्च कमी केला. कायद्याने ‘किमान’ म्हटले होते; वाचणाऱ्याने ‘पुरे’ असे वाचले. परीक्षेच्या पेपरातही असेच वाचले जाते.

तरीही एकूण रक्कम वाढली आहे हे नाकारता येणार नाही. पहिल्या वर्षी, म्हणजे २०१४-१५ मध्ये, देशभरातल्या कंपन्यांनी मिळून या खात्यावर १०,०६६ कोटी रुपये खर्च केले. २०२२-२३ मध्ये हा आकडा सुमारे ३० हजार कोटींवर गेला. सुरुवातीची काही वर्षे कायदा सौम्य होता. खर्च झाला नसेल तर का झाला नाही याचे कारण अहवालात लिहायचे, की सुटका. ती कारणे नानांनी मला मुद्दाम वाचून दाखवली. योग्य प्रकल्पाचा शोध चालू आहे. सहकारी संस्था मिळाली नाही. हे पहिलेच वर्ष आहे. गृहपाठ का केला नाही याची कारणे मी इतकी वर्षे ऐकते आहे. आजी वारल्याचे तेवढे एक कारण त्यांत नव्हते.

२२ जानेवारी २०२१ पासून हे बंद झाले. आता हाती घेतलेला प्रकल्प अनेक वर्षांचा असेल, तर उरलेली रक्कम वर्ष संपल्यापासून तीस दिवसांत बँकेतल्या वेगळ्या खात्यात ठेवावी लागते आणि तीन वर्षांत खर्चावी लागते. तसा प्रकल्प नसेल तर सहा महिन्यांच्या आत सरकारने नेमून दिलेल्या निधीत भरावी लागते. न भरल्यास दंड आहे. व्यवस्थापनाच्या नावाखाली पाच टक्क्यांहून अधिक दाखवता येत नाही. आणखी एक चांगली गोष्ट अशी झाली, की स्वतःच्याच धर्मादाय संस्थेला धनादेश दिला म्हणजे काम झाले असे म्हणता येत नाही. दिलेला पैसा ठरलेल्या कामीच लागला, असा दाखला कंपनीच्या मुख्य वित्त अधिकाऱ्याला सही करून द्यावा लागतो.

इथपर्यंत मी नानांच्या कारकुनावर खूश होते. पैसा किती निघाला, कधी निघाला, कुणाच्या हातून गेला, हे सारे तो दाखवतो. पण पलीकडच्या टोकाला काय झाले? त्याचे उत्तर मला अहवालात सापडले नाही; ते एका शाळेत सापडले.

गेल्या माघात मी जत्रेसाठी आजोळी गेले होते. सोलापूरकडचा कोरडा मुलूख. विहिरीच्या पाण्यात क्षार इतके, की चहाही खारट लागतो. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेच्या व्हरांड्यात पाणी शुद्ध करण्याचे यंत्र दिसले. वर संगमरवरी फलक. त्यावर एका कंपनीचे नाव, उद्घाटनाची तारीख आणि खाली ‘लाभार्थी : १,२४०’. शाळेचा पट एकसष्टचा. मी मोठ्या बाईंना विचारले, हे बाराशे चाळीस कुठले? त्या म्हणाल्या, “माहिती घ्यायला एक मुलगी आली होती. तिनं गावची लोकसंख्या विचारली. मी सांगितली. तिनं तीच लिहून घेतली.”

“आणि यंत्र?”

“आज बंद आहे.”

मोठ्या बाई तक्रार करत नव्हत्या. यंत्र आले तेव्हा तीन महिने चांगले चालले. मग फिल्टर भरला. तालुक्याचा मिस्त्री येण्याचेच सातशे रुपये घेतो, फिल्टरचे वेगळे. मध्यंतरी शाळेचे विजेचे बिल थकले तेव्हा वीज तोडली. यंत्र शाळेला देऊन टाकलेले असल्यामुळे निगराणी शाळेकडे, आणि शाळेकडे त्यासाठी पैसे नाहीत. हे सगळे त्यांनी एका दोनशे पानी वहीत नोंदवून ठेवले होते. वहीवर नुसते ‘पाणी’ असे नाव. आत तीन रकाने : तारीख, चालू की बंद, आणि कारण. चौथीतली एक मुलगी रोज प्रार्थनेनंतर तो रकाना भरते. मी पाने मोजली. शाळा भरल्याचे दिवस २११. चालू ९३, बंद ११८.

घरी येईपर्यंत एसटीत माझ्या डोक्यात एकच शब्द घोळत होता : लाभार्थी. हा शब्द हल्ली इतका वापरला जातो, की त्याची फोड कुणी करून पाहत नाही. ‘अर्थी’ म्हणजे इच्छा करणारा. विद्यार्थी म्हणजे ज्याला विद्या हवी आहे तो; विद्या मिळालेला नव्हे. (मिळालेला असता तर माझी नोकरी कशाला राहिली असती?) तसाच लाभार्थी म्हणजे ज्याला लाभ हवा आहे तो. फलक अक्षरशः खरा होता. गावात बाराशे चाळीस माणसांना गोडे पाणी हवेच होते. फक्त ते किती जणांना आणि किती दिवस मिळाले, हे तो फलक सांगत नव्हता. आणि विद्यार्थी मोजून विद्या मोजता येत नाही, हे मला कुणी शिकवायला नको.

कायद्याला ही गोष्ट मुळीच सुचलेली नाही असे नाही. ज्या कंपनीची या खात्यावरची जबाबदारी मागच्या तीन वर्षांत सरासरी १० कोटी वा अधिक आहे, तिने १ कोटी वा त्याहून मोठ्या प्रकल्पांचा परिणाम, ते पुरे होऊन किमान एक वर्ष लोटल्यावर, स्वतंत्र संस्थेकडून तपासून घ्यायचा असतो. पण शाळेच्या व्हरांड्यातले यंत्र एक कोटीचे नसते. मोठी धरणे तपासायची आणि घरातले रांजण सोडून द्यायचे, असा हा प्रकार आहे. छोट्या कामाला तपासणीचा खर्च परवडत नाही हे मला समजते. मात्र त्या चौथीतल्या मुलीने केलेल्या तपासणीचा खर्च एक वही आणि एक पेन्सिल, इतकाच होता.

अहवालाच्या ठरीव नमुन्यात, या पैशातून काही मालमत्ता उभी राहिली असेल तर तिची माहिती द्यावी लागते : कधी उभी राहिली, किती पैसे लागले, कुणाच्या नावावर आहे, कुठे आहे. तिचा पिनकोडदेखील विचारतात. ती चालते का, असा रकाना नाही.

शेअर बाजारात नोंदलेल्या मोठ्या कंपन्यांना ‘सेबी’ने आणखी एक प्रश्नपत्रिका दिली आहे. बाजारमूल्याने पहिल्या १००० कंपन्यांना २०२२-२३ पासून ती सोडवावी लागते. तिच्यात फार चांगले प्रश्न आहेत : तुमच्या प्रकल्पांचा फायदा किती व्यक्तींना झाला? त्यांतले दुर्बल आणि वंचित गटांतले किती टक्के? आकांक्षित म्हणून निवडलेल्या मागास जिल्ह्यांत तुम्ही किती खर्च केला? मी आनंदाने पान उलटले, तर हे तिन्ही प्रश्न ऐच्छिक भागात. ऐच्छिक प्रश्नांचे काय होते, हे ज्याने उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासले आहेत त्याला विचारा.

त्या मागास जिल्ह्यांचीही एक गंमत आहे. नीती आयोगाने २०१८ मध्ये निवडलेल्या यादीत आपल्याकडचे गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि तेव्हाचे उस्मानाबाद, म्हणजे आताचे धाराशिव, हे चार जिल्हे आहेत. दुसरीकडे राज्यवार खर्चाच्या यादीत महाराष्ट्र वर्षानुवर्षे पहिला. वाचून छाती फुगते. पण महाराष्ट्र म्हणजे या बाबतीत बव्हंशी मुंबई-पुण्याची कचेरी आणि तिच्या आसपासचा टापू. कंपनीने आपल्या कामाच्या परिसराला प्राधान्य द्यावे, असे कायदाच म्हणतो. हे बंधन नाही, मार्गदर्शन आहे, असा खुलासा सरकारने केला आहे; तरी कारखान्याच्या भिंतीला लागून असलेली शाळा दोनदा रंगवणे सोयीचे पडते. जिथे कारखाना नाही तिथे धूर नाही, नोकरी नाही आणि हे दोन टक्केही नाहीत.

आणि कधी कधी आकडा बरोबर असूनही खाते चुकते. २०१८ सालच्या अहवालात देशाच्या महालेखापरीक्षकांनी असे दाखवून दिले, की पाच सरकारी तेल कंपन्यांनी २०१६-१७ मध्ये गुजरातमधल्या सरदार पटेलांच्या पुतळ्यासाठी मिळून १४६.८३ कोटी रुपये दिले आणि ते सामाजिक उत्तरदायित्वात धरले. परिशिष्टातल्या राष्ट्रीय वारशाच्या जतनाच्या कलमात ते बसत नाही, कारण तो पुतळा म्हणजे वारसा-वास्तू नव्हे, असा त्यांचा आक्षेप होता. सरदारांविषयीच्या आदराचा इथे प्रश्नच नाही. प्रश्न व्याकरणाचा आहे. वारसा मागून आपल्याकडे येतो. जे अजून बांधायचे आहे त्याचे जतन करता येत नाही. मला फार बरे वाटले, की दिल्लीत एवढ्या मोठ्या हुद्द्यावर बसून कुणीतरी शब्दांचे अर्थ तपासते.

मी नानांना शाळेची हकीगत सांगितली, वहीतले आकडे सांगितले. त्यांनी कंपनीचे नाव विचारले आणि थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “हिचे शेअर माझ्याकडे नाहीत.”

“मग राहिलं.”

“राहिलं कसं? एक घेतो.”

आणि नानांनी खरोखरच त्या कंपनीचा एक शेअर विकत घेतला. एका शेअरवर लाभांश काय मिळणार. पण वार्षिक सभेत बोलण्याचा हक्क मिळतो. या सभा आता बऱ्याच ठिकाणी पडद्यावर होतात. नानांनी वेळेत नाव नोंदवले, इस्त्रीचा शर्ट घातला, आणि सूनबाईच्या लॅपटॉपसमोर दोन तास बसले. त्यांचा नंबर आला तेव्हा तीन मिनिटे मिळाली. आधीच्या दोन वक्त्यांनी अध्यक्षांच्या दूरदृष्टीची स्तुती केली होती. नानांनी एकच प्रश्न विचारला : मागच्या तीन वर्षांत बसवलेल्या पाण्याच्या यंत्रांपैकी आज सकाळी किती चालू आहेत? अध्यक्ष म्हणाले, आपली सूचना मोलाची आहे, संबंधित विभाग आपल्याशी संपर्क साधेल. नाना मला म्हणाले, “मी सूचना कुठं केली? मी आकडा विचारला.”

तीन आठवड्यांनी त्या विभागातल्या एका तरुणाचा फोन आला. मुलगा नम्र होता, आणि मला वाटते प्रामाणिकही होता. त्याने पहिल्यांदा पिनकोड विचारला. मग म्हणाला, यंत्रे देऊन झाली की ती गावाच्या ताब्यात जातात. दुरुस्तीसाठी आमच्याकडे तरतूद नसते. नानांनी चष्मा लावला आणि नियम वाचून दाखवला. प्रकल्प सुरू झाला ते वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत चालवता येतो. तेव्हा यंत्राबरोबर तीन वर्षांची देखभालही त्याच खर्चात धरता येईल. मुलगा क्षणभर थांबला आणि म्हणाला, “येईल, सर. पण मग तेवढ्याच पैशांत गावं कमी होतील. अहवालात आकडा खाली येतो.”

नानांनी फोन ठेवला आणि हे वाक्य जसेच्या तसे मला येऊन सांगितले. ते दोघांनाही फार वेळ सोडवेना. मुलाचे काय चुकले? त्याची बढती गावांच्या संख्येवर ठरते, यंत्र चालल्याच्या दिवसांवर नाही. जो रकाना वर पाठवायचा, तोच खाली भरला जातो. आमच्याकडेही निकालाची टक्केवारी विचारतात. मुलाला चार ओळी शुद्ध लिहिता येतात का, असे कुणी विचारत नाही. माझ्या मते अहवालात एक रकाना वाढवला तरी पुष्कळ होईल : यापूर्वी जे दिले, त्यातले आज किती चालू आहे? तो ऐच्छिक नको, सक्तीचा हवा. ज्या वर्षी हा आकडा छापावा लागेल, त्या वर्षी देखभालीला आपोआप पैसे सापडतील. दोन टक्क्यांचे अडीच करा, असे मी म्हणणार नाही. आहेत त्यांतले किती पोचले हे कळल्याशिवाय वाढवून मागणे, म्हणजे फुटक्या घागरीत आणखी एक तांब्या ओतणे.

भाद्रपदात त्या गावी कंपनीचा माणूस मिस्त्री घेऊन गेला. फिल्टर बदलला, यंत्र सुरू झाले. दुरुस्तीचा करार मात्र वर्षभराचाच केला आहे. पुढचे पुढे पाहू, असे तो म्हणाला. नानांनी पुढच्या वार्षिक सभेची तारीख लागेल तेव्हा सांगायला मला बजावून ठेवले आहे. शेअरचा भाव दरम्यान थोडा उतरला, त्याचे त्यांना काही वाटत नाही.

जाताना त्या माणसाने मोठ्या बाईंकडे ‘पाणी’ची वही मागितली; आमच्या मुख्य कचेरीत दाखवायची आहे म्हणाला. मोठ्या बाईंनी तालुक्याला पाठवून तिची झेरॉक्स काढून आणली आणि ती त्याच्या हातात दिली. वही द्यायला त्या तयार झाल्या नाहीत. ती रोज लागते, म्हणाल्या.